चाळिसाव्याची ताफी

"एकच दिवस, वहिनी. तुम्ही नुसतं हो म्हणा."

हमादीने टोपी काढून मांडीवर ठेवली. गावाचा म्होरक्या तो, पण आज ओट्याच्या अगदी कडेला बसला होता. तुमूकाकू खोबरं खवत होती. उद्या तिच्या मुलाचा, नासोरोचा, चाळिसावा, मातीला चाळीस दिवस. सगळं गाव जेवायला येणार, आणि वाढायला घरात मासा नव्हता.

मासा नव्हता म्हणजे बाहेरच्या समुद्रात नव्हता. दक्षिणेचा वारा सुटला होता, होड्या वाळूवर पालथ्या पडल्या होत्या. आतल्या पाण्यात, पोवळ्याच्या खडकाच्या अलीकडे, मासाच मासा होता. पण तिथे चार वर्षं बंदी. ताफी आणि पोनो, या दोन माशांना हात लावायचा नाही. हे मासे शेवाळ खातात. आम्ही ते मासेच खाऊन संपवले, तेव्हा शेवाळाने पोवळी गिळली आणि आतला समुद्र पार मेला. मग गावाने शब्द दिला. सगळ्यांत आधी नासोरोने दिला. बापाच्या हातचे विणलेले मासे धरायचे सापळे त्याने मोडून चुलीत घातले. तुमूकाकू तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती.

आता पोवळी पुन्हा बोट बोट वर येत होती.

"ताफी अशी माजलीये आत," ओट्याखाली उभा शेजारचा मकामे म्हणाला, "की पाय टाकावा तर पायाखाली येते. आणि पोराच्या चाळिसाव्याला घेवडा वाढायचा? लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"तुझ्या जिभेला पाणी सुटलंय, ते सांग ना!" म्हातारा कोम्बो उसळला. रोज ओहोटीला पोवळी बघून येणारा तो. "एक दिवस उघडलं की परत बंद होत नाही, हमादी. आज चाळिसावा, उद्या कुणाचं लग्न, परवा कुणाचं बारसं. चार वर्षं पाण्यात जातील."

"कोम्बो, आई आहे ती," हमादी हळूच म्हणाला.

  आतलं पाणी बंद, म्हणूनच नासोरो वाऱ्यात बाहेर गेला होता. होडी दुसऱ्या दिवशी सापडली, तो तिसऱ्या दिवशी. दफनाच्या वेळी तुमूकाकू ऊर बडवत ओरडली होती, "तुमच्या बंदीने माझा पोर खाल्ला!" तेव्हापासून गावाला तिच्याकडे बघवत नव्हतं. सून सलामा आत, दाराआड, नवऱ्याच्या दुखवट्यात बसलेली. चाळीस दिवसांत सासूशी एक शब्द नाही. लोक म्हणायचे, बिचारीची वाचाच बसली.

आता बंदी मोडायची, तर आईच्या तोंडून. तिने हो म्हटलं की कोण अडवणार?

खवणीचा आवाज थांबला.

"हमादीभाऊ, ओहोटीला आत पाणी किती असतं?"

"आत? गुडघाभर, वहिनी."

"आणि वारा?"

"आत कसला वारा! बारकी लेकरं डुंबतात तिथे."

"म्हणजे आत कुणी बुडत नाही."

"नाही."

तुमूकाकूने हातातली करवंटी बाजूला ठेवली. मग दाराकडे तोंड करून जरा मोठ्याने बोलली.

"सलामा, तो गेला त्या दिवशी तू चुलीपाशीच होतीस. तुला ठाऊक आहे. पण यांना नाही."

ती पुन्हा हमादीकडे वळली.

"तीन दिवस होडी निघाली नव्हती. चूल थंड होती. मी त्याला म्हटलं, मकामे अंधारात आतून ताफी आणतो, त्याच्या घरी वास सुटतो, तूच तेवढा शहाणा?" मकामेने मान खाली घातली. "म्हटलं, गुडघाभर पाण्यात मासा पडलाय, जा, घेऊन ये. तो म्हणाला, आई, शब्द दिलाय गं. मी म्हटलं, शब्द काय शिजवून खाऊ? भीती वाटत असेल तर बांगड्या भर हातात."

 पदराने तोंड पुसून ती पुन्हा बोलू लागली.

"हसला तो. नेहमीसारखा हसला. शीड खांद्यावर टाकलं आणि बाहेरच्या समुद्राकडे गेला. आत गेला असता तर आज जेवायला इथे बसला असता. तुमच्या बंदीने नाही खाल्लं त्याला, हमादीभाऊ. मी खाल्लं. आणि जी ताफी त्याने जीव गेला तरी आणली नाही, ती मी उद्या त्याच्याच नावाने वाढू?"

हमादीने टोपी डोक्यावर घातली, परत काढली. कोम्बो उघड उघड रडत होता.  तुमूकाकू कुणाकडेच बघत नव्हती. तिची नजर दारावर होती.

 मग दाराआडून, चाळीस दिवसांत पहिल्यांदा, सलामाचा आवाज आला.

"आई, घेवडा भिजत घालते. किती माणसांचा घालू?"