सहा मीटरवरची सव्वीस मिनिटं

"ठीक?" लहानूनं मायकात विचारलं.

"हव…" खालून रीनाचा आवाज आला आणि शब्दाचं शेपूट बुडबुड्यांत फुटलं.

"काका, हवा बोली वो!" नीलेश ओरडला. रीनाला नळीतून हवा पोचवणाऱ्या कॉम्प्रेसरपाशी बसून तो काटा बघत होता.

"हव म्हनली. हो म्हनली."

"हवा बोली. मैंने साफ सुना."

लहानूला खात्रीनं सांगता येईना. लेक रायपुरात वाढलेली. शाळेतल्या छत्तीसगढी मैत्रिणींचा 'हव' तिच्या तोंडात कायमचा बसला होता. तारेवर फक्त 'ठीक' म्हणायचं, हा नियम तिचाच. पाण्यात गेली की तोच विसरायची.

तेलीबांध्याच्या पुढे, नवा रायपूरच्या रस्त्याला, दगडाची ही खदान बंद पडून पाण्यानं भरली होती. तिचा तळ मोजायचं काम रीनाला मिळालं होतं. बेचाळीस मीटरवर वीस मिनिटं काम करून ती सहा मीटरवर येऊन थांबली होती. इथं सव्वीस मिनिटं लटकून राहायचं. खोलवर रक्तात मुरलेला नायट्रोजन श्वासावाटे सावकाश निघून जायला तेवढा वेळ लागतो. घाई केली तर बूच काढलेल्या सोड्यासारखा तो अंगात फसफसतो. सव्वीसपैकी अकरा मिनिटं झाली होती.

"काटा?" लहानूनं विचारलं.

"काटा ठीक है. पर नली नीचे मुड़ गई होगी तो काटा ठीक ही दिखाएगा ना!"

ते खरं होतं. रीनाच्या पाठीवर जादा हवेची लहान बाटली होती. पण तिची चावी तिलाच फिरवावी लागणार होती.

"चूप बस जरा."

लहानूनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबला. एकतीस वर्षं त्यानं रेल्वेच्या टेलिफोन तारा सांभाळल्या होत्या. तार कुठं दुखते ते तो नुसतं ऐकून सांगायचा. ही तार जिवंत होती, बारीक गुणगुणत होती. पण तिच्यावर श्वास नव्हता. सकाळपासून कानात चाललेली ती सूं आणि मागोमाग येणारी गडगड, दोन्ही थांबलं होतं.

चार सेकंद. पाच.

नीलेशनं उठून रीनाला बांधलेल्या दोराला हात घातला. "सहा मीटर है, काका! दो मंज़िल भर. खींच लो, बाद में देखेंगे."

"हात काढ."

"आपकी बेटी है वो!"

"माही पोट्टी आहे, मालूम आहे मले. हात काढ."

मायकाच्या पेटीवर रीनानं स्वतःच्या अक्षरात कागद चिकटवला होता. शब्दाचा भरवसा वाटला नाही तर दोर. एक झटका म्हणजे ठीक का? खालून एक म्हणजे ठीक. चार म्हणजे वर ओढा.

लहानूनं एक झटका दिला आणि दोर बोटांवर हलका धरला.

आठ. नऊ. खदानीच्या पलीकडच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायकांचे धपके येत होते. दहा.

दोर हलला. एकदा.

लहानूचा तळवा दुसऱ्या झटक्याची वाट पाहू लागला. चारांतला पहिला असेल तर दुसरा आता यायला हवा. आता. आता.

आला नाही.

मग कानात लांबच लांब गडगडाट झाला आणि त्यापाठोपाठ रीनाचं हसू. "बाबा, दोर काहून हलवला? सगळे पळाले ना!"

"कोन पळाले?"

"मालूम नहीं. जेलीफिशसारखे काहीतरी. जणू पाण्याचेच बनलेत, बाबा. आठ आण्याएवढे. शेकडो. उघडतात, मिटतात. मेरे बुलबुलों से भाग रहे थे, म्हणून श्वास धरून ठेवला."

नीलेश दोरापासून दोन पावलं मागं सरला. कोंडलेल्या श्वासानिशी माणूस वर ओढला की छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाडते. त्याला सहा मीटर पुष्कळ होतात. हे नीलेशलाही शिकवलेलं होतं.

लहानूनं पेटीवरच्या कागदाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "श्वास रोखाचा नाही, हे तूच लिवलं ना इथं?"

"हव."

"हव म्हनू नको! ठीक म्हन!"

"ठीक, बाबा."

तिचा श्वास पुन्हा सुरू झाला, मोजून मापून. सूं, गडगड. लहानूनं घड्याळ पाहिलं. तेरा मिनिटं राहिली होती.

"आहेत का अजून?" त्यानं हळूच विचारलं.

"लौट रहे हैं. वरून ऊन येतंय ना, त्यात हवेत लटकल्यासारखे दिसून राहिले. आरपार दिसतं त्यांच्यातून. एक माझ्या मास्कच्या काचेवर बसलाय. त्याच्यातून मला तुमचा दोर दिसतो, बाबा."

लहानूनं पाण्याकडे पाहिलं. हिरवट पाणी, त्यावर तिच्या बुडबुड्यांचं वर्तुळ. बाकी काही नाही.

वेळ भरल्यावर ती शिडीशी वर आली. मास्क न काढताच तिनं हात पुढे केला. काळ्या हातमोज्यावर गोळीएवढं काहीतरी चिकटलं होतं, पाण्याच्या जाड थेंबासारखं.

"ये? इसमें क्या है?" नीलेश म्हणाला. "पानी ही तो है."

लहानू गुडघ्यांवर वाकला. थेंबाची कड अगदी बारीक थरथरली.

"पाण्यात ठेव ते," तो म्हणाला. "लवकर ठेव, पोरी."

रीनानं तळवा बुडवला. थेंब छत्रीसारखा उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आणि बेचाळीस मीटर पाण्यावर तरंगत तिच्या बोटांपासून दूर निघाला.