मोजपट्टीचे फोटो

"नऊच?" कुबातने विचारले.

सोवेतबेकांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पडद्याकडे पाहिले. बिश्केकला राहणाऱ्या मुलीने संगणकात घालून दिलेले हे सॉफ्टवेअर फुकटचे होते, पण कामाला चोख. दोन दिवस खपून त्याने एकोणीस हजार फोटोंमधले चेहरे वेगळे केले होते आणि माणसागणिक एकेक रास लावली होती. नातवंडांच्या राशी मोठ्या होत्या. शेजाऱ्याच्या कुत्र्याचीही एक होती, बावन्न फोटोंची. सोवेतबेकांच्या बायकोच्या, अनारकानच्या राशीत नऊ.

नऊही फोटोंत ती जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाच्या कडेला बसून पाहुण्यांना चहा ओतत होती. मान खाली, नजर वाटीत.

कुबात कबरींच्या काळ्या दगडांवर चेहरे कोरीत असे. अनारकान गेल्यानंतरच्या वर्षाच्या जेवणाला तीन आठवडे उरले होते. त्याआधी दगड उभा राहायला हवा होता, आणि दगडावर चेहरा हवा होता.

"मान खाली घातलेला चेहरा कोरता येत नाही, काका. नुसता डोक्यावरचा रुमाल दिसेल. पासपोर्टातला फोटो?"

"मृत्यूची नोंद केली तेव्हा पासपोर्ट जमा करून घेतला."

"मग तो भिंतीवरचा?"

भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्यातली अनारकान एकवीस वर्षांची होती.

"हा कोरला," कुबात स्वतःच म्हणाला, "तर जेवायला आलेल्या बायका विचारतील, म्हाताऱ्यानं ही दुसरी कधी केली होती?"

सोवेतबेक हसले. मग हसू कुठे ठेवावे हे न कळून त्यांनी किटली उचलली आणि कुबातची वाटी भरली. चहा काठापर्यंत आला. वर्षभरात त्यांना अजून पाहुण्याला रीतीप्रमाणे अर्धीच वाटी ओतण्याचा अंदाज आला नव्हता.

कुबातने माउस स्वतःकडे ओढला. "ही रास कुणाची? तीनशे अकरा."

"माझी."

तीनशे अकरा फोटोंत सोवेतबेक समोर पाहत होते. टोपी सरळ, उजेड बरोबर तोंडावर, मागे उगाच खांब किंवा तार आलेली नाही.

"झकास आहेत की! कुणी काढले?"

"तिनं."

कुबातने वाटी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"राहिलेले सगळे नदीचेच दिसतात," तो शेवटी म्हणाला.

नदीचेच होते. जलमापन केंद्रातून निवृत्त झाल्यावरही सोवेतबेक दर पंधरवड्याला नारिनच्या काठावर जात, पाण्यात मोजपट्टी उभी करीत आणि फोटो काढून पाण्याची पातळी नोंदवीत. कोणी मागितलेली नव्हती, पण नोंद एकदाही चुकली नव्हती.

"हे काय आहे कडेला?" कुबातने एका फोटोवर बोट ठेवले. "पट्टी कुणी धरली आहे?"

सोवेतबेक पुढे झुकले. पट्टीवरचे आकडे स्वच्छ वाचता येत होते. पट्टीभोवती एक मूठ होती. मनगटाशी फोटो संपला होता.

"एवढं तरी धर म्हणायचो तिला," ते म्हणाले. "प्रवाहात पट्टी हलते ना."

"आणि काकू कुठे आहेत?"

"मोजणीच्या फोटोत माणूस येऊ नये, असं आम्हाला तांत्रिक विद्यालयात शिकवलं होतं. पट्टी, पाणी आणि तारीख. मी म्हणायचो, बाजूला हो, फक्त हात राहू दे."

कुबातने त्या फोटोवर खूण केली आणि 'दिसायला सारखे' हे बटण दाबले. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग चौकोन भरत गेले, ओळीखाली ओळ. चारशे सहा फोटो, तारखेनुसार लावलेले.

सोवेतबेक सवयीने पहिल्या ओळीपासून आकडे वाचू लागले. तिसऱ्या ओळीपाशी आकडे सुटले आणि ते बोटे पाहू लागले. बोटे भरलेली होती, अंगठी मांसात रुतली होती. पुढे अंगठी सैल झाली. आणखी पुढे ती निसटू नये म्हणून तिला निळा दोरा गुंडाळलेला होता. दोरा कधी गुंडाळला, हे त्यांना ठाऊक नव्हते. मग एका हिवाळ्यात लोकरी हातमोजा आला, आणि उन्हाळ्यातही तो निघाला नाही.

शेवटच्या चोवीस फोटोंत पट्टी तारेने बांधून दगडांच्या ढिगात रोवली होती. सॉफ्टवेअरला फरक कळला नव्हता. प्रत्येक फोटोखाली त्याने विचारले होते: हाही यातलाच का?

सोवेतबेकांनी माउस घेतला. पहिल्या फोटोखाली 'नाही' दाबले. मग दुसऱ्या. सगळे एकदम काढायचीही सोय होती. कुबातला ती ठाऊक होती, पण त्याने सांगितली नाही. चोवीस वेळा 'नाही' झाल्यावर पडद्यावर तीनशे ब्याऐंशी उरले.

"हा," सोवेतबेक म्हणाले. निळ्या दोऱ्याच्या फोटोंपैकी एक होता तो. "हा कोर."

"हात?" कुबात खुर्चीत सरळ झाला. "काका, सगळीकडे चेहरे आहेत तिथे. लोक बोलतील."

"हात कोर. पट्टी घेऊ नकोस."

कुबातने फोटो मोठा केला आणि बोटांमधून जाणारी पांढरी कड कोरणाऱ्याच्या नजरेने न्याहाळली.

"पट्टी काढली तर मुठीत काहीच नव्हतं असं दिसेल."

"बरोबर दिसेल," सोवेतबेक म्हणाले. "पट्टी माझी होती."