दहा सुया

"बाही वर कर," त्रिभोवनकाका म्हणाले, आणि रंभानं दंड पुढं केला.

पदराची गाठ सोडून तिनं दहा बाटल्या टेबलावर मांडल्या होत्या. प्रत्येकीच्या तळाशी चिमूटभर पांढरी पूड. मिठाच्या रणातल्या झोपडीत बाळंत होऊन तिला पंधराच दिवस झाले होते, आणि त्यातले तीन जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले होते. रक्तात जंतू झालेत, अजून ठेवून घ्यायला हवं, असं तिथला डॉक्टर म्हणत होता. पण मिठाच्या आगरात मीठ धरू लागलेलं. खारं पाणी उपसणारा पंप सोडून नवरा दवाखान्याच्या पायरीवर किती दिवस बसणार? ती दोघं निघालीच, तेव्हा डॉक्टरनं वैतागून बाटल्या हातात दिल्या. रोज एक, गावातल्या कंपाउंडरकडून टोचून घ्या, म्हणाला.

"कागद कुठाय?" काकांनी विचारलं.

"ह्यांच्या खिशात राहिला. हे आगरावर."

काकांनी पुन्हा विचारलं नाही. सरकारी दवाखान्यात चाळीस वर्षं कंपाउंडरकी करून ते निवृत्त झाले होते. रणाच्या काठावरच्या त्या गावात माणसं येत, हात पुढं करत, आणि काका टोचत. कागदावाचून कुणाचं अडलं नव्हतं. बाटल्या मात्र त्यांना फारच लहान वाटल्या.

"शहरातले डॉक्टर हल्ली औषधसुद्धा चिमटीनं देतात," ते पुटपुटले.

पूड पाण्यात विरघळवून, औषध सोसतं का ते पाहायला, मनगटाच्या वर कातडीत एक थेंब सोडून त्यांनी तिला अर्धा तास बसवलं. चहा ओतून रकाबी पुढं केली.

"चहा नको काका. पथ्य आहे. तिखट, आंबट, चहा, सगळं बंद."

"बाळ कुणाजवळ ठेवलंस?"

"सासूजवळ. बाहेर वारा लागेल. मुलगी आहे. बरं वाटलं की मग नाव ठेवू."

"एक ध्यानात ठेव पोरी. दहा म्हणजे दहा. मधेच बरं वाटलं तरी थांबायचं नाही."

"मेले तरी येईन."

"मेल्यावर नको येऊस. मला भुताला टोचता येत नाही."

रंभा हसली. काका हसले नाहीत. त्यांची बायको समजू अशाच बाळंतपणाच्या तापात गेली होती. पाच सुया झाल्या, ताप उतरला, आणि ती म्हणाली, आता पुरे, फार दुखतं. काकांनी ऐकलं. चौथ्या दिवशी ताप परत आला तो तिला घेऊनच गेला. बायकोचं एक म्हणणं ऐकल्याचं दुःख त्या माणसानं तीस वर्षं उरावर वागवलं होतं.

थेंबाच्या जागी काही उठलं नाही. मग त्यांनी टोचलं.

रंभा रोज येऊ लागली. दोन कोस चालत यायची, सुई घ्यायची आणि क्षणभरही न टेकता परत फिरायची. तिसऱ्या दिवशी बाही खाली करता करता तिनं विचारलं, "काका, हे दुधात उतरतं ना?"

हा प्रश्न काकांनी शंभर बाळंतिणींकडून ऐकला होता. कुणी औषधाच्या धास्तीनं लेकराला पाजायचं बंद करी, तर कुणी औषधच टाकून देई.

"उतरतं थोडं. त्यात भिण्यासारखं काही नाही. खुशाल पाज."

तिनं सुटकेचा श्वास सोडला.

सहाव्या दिवशी काकांनी तापाचं विचारलं.

"रात्री चढतो," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

काकांनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. हात थंड होता, नाडी घोड्यासारखी. "छे, उतरलाय. सुया लागू पडल्या बघ."

"इथं हात लावून कळतं तुम्हाला?"

"चाळीस वर्षं दुसरं काय केलं?"

तिचे डोळे भरून आले. ती वाकून काकांच्या पाया पडली आणि जवळजवळ पळतच रस्त्याला लागली. काका दारात उभे राहून पाहत होते. आजारी बाई असं चालत नाही. समजू गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना आपल्या हातांचा राग आला नाही.

दहाव्या दिवशी रंभा आली नाही.

काकांनी दुपारपर्यंत वाट पाहिली. मग टेबलावर उरलेली शेवटची बाटली खिशात घातली आणि सायकल काढली. भेगाळलेल्या जमिनीवर चाक उडत होतं, गुडघे ठणकत होते. ते स्वतःलाच शिव्या घालत होते. पुन्हा तेच. बरं वाटलं म्हणून थांबली असणार.

आगर जवळ आला तरी पंपाचा आवाज येईना. मीठ धरलेलं असताना रणात कुणी पंप बंद करत नाही. केलाच तर एकाच कारणासाठी.

झोपडीबाहेर चार-पाच पुरुष डोक्यावर पंचा घेऊन बसले होते. काकांनी सायकल आडवी टाकली आणि त्यांच्यातच जमिनीवर बसले. विचारायचं धाडस झालं नाही. समजू गेली तेव्हाही बाहेर लोक असेच बसले होते. काल आली तेव्हाच तिला दटावून पाठवलं असतं तर, असं त्यांना वाटत राहिलं. त्या बिननावाच्या पोरीला आता कोण पाजणार, हाही विचार आला, आणि म्हाताऱ्याला रडू आवरेना.

झोपडीचं पोतं बाजूला झालं. रंभा बाहेर आली. स्वतःच्या पायांनी चालत आली आणि काकांच्या समोर बसली. तिची चोळी पुढून भिजली होती.

"लेकीच्या नऊ सुया घेतल्या मी काका, एकही चुकवली नाही," ती म्हणाली. "मग माझ्या दुधातून तिच्यापर्यंत पोचल्या का नाहीत?"