कपिलेचं दूध

"आमच्या कपिला गाईचं आहे. यावर तुझा सेन्सर चमकला, तर प्रबंधावरची सही विसर." टिळेकर सरांनी दुधाची किटली टेबलावर आदळली. हेच दूध ते अख्ख्या विभागाच्या गळ्यात मारायचे.

सुलक्षणाने पीएचडीची वर्षं ग्राफीन ऑक्साइडच्या पातळ थरावर डीएनएचे धागे चिकटवण्यात घातली होती. म्हशीचं दूध लागलं, की हा सेन्सर चमकायचा; गाईचं लागलं, तर नाही. तिने थेंब टाकला. लख्ख उजेड पडला.

"धागे नीट चिकटले नाहीत. पुन्हा कर."

पुन्हा केलं. दुसऱ्या गाईच्या दुधावर ढिम्म, कपिलेवर दिवाळी. दाराशी चहाचे कप घेऊन प्राध्यापक जमले.

सरांनी दाराकडे पाहिलं आणि घाईघाईने सही ठोकली. "कपिलेचं नाव मात्र लिहू नकोस हं, बाळ."

"नाही लिहीत, सर," सही वाळवत ती म्हणाली. "पण बाहेर सगळे विचारतायत, कपिलेची शिंगं कशी आहेत?"