परक्या जिभेची चव

जर्मनीला शिकायला गेलेली नात फोनवर दोन शब्द धड बोलत नाही, नुसते फोटो पाठवते, अशी गोदाक्कांची तक्रार होती. आजही डोंगरावरचा फोटो आला. या फोटोंसाठीची खास पट्टी कपाळाला लावली, की फोटो काढणाऱ्याला जे जाणवलं ते आपल्यालाही जाणवायचं. आक्कांना बर्फाचा गारठा लागला, मग तोंडात बटाट्याचं सूप आलं. बिनतिखटाचं, अळणी, तरी फोटो काढणाऱ्याच्या जिभेला ते फार आवडलं होतं. आक्कांनी ताबडतोब फोन लावला.

"केतके, ही जीभ कोल्हापूरची न्हवं. कुणाची आठवण विकत घेतलीस?"

केतकीला हुंदका फुटला. "आज्जी, मी खोलीबाहेरच पडत नाही गं. इथं कुणी ओळखीचं झालंच नाही. तुला काय पाठवू?"

"रडणं पाठव की तुझं! परक्याचं हसू माझ्या घशाखाली उतरत न्हाई."