उजेड डावीकडून

कलेत घाई चालत नाही, असं संपादक नेहमी म्हणत. पण बाईंचा खोकला वाढला का, हे विचारायला रोज सकाळी फोन करत. बाई म्हणजे एके काळी पडदा गाजवलेली नटी. त्यांच्यावरचा श्रद्धांजली विशेषांक आधीच तयार ठेवायचा होता. तो खपला तरच मासिक तगणार होतं.

मुखपृष्ठाच्या फोटोसाठी बाईंच्याच घरी, त्यांच्याच वस्तूंनी स्टायलिस्टने टेबल भरगच्च मांडलं. मोरपिसं, मोत्यांच्या माळा, मखमली हातमोजे, अत्तराच्या कुप्या, त्यावर उंच टाचांचे लाल बूट. तीळ ठेवायला जागा नव्हती. मोकळी होती ती फक्त मागची खुर्ची.

बाई काठी टेकत आल्या आणि खुर्चीत बसू लागल्या.

"नको, बाई!" स्टायलिस्ट पटकन म्हणाली. "खुर्ची रिकामीच हवीय."

बाई थबकल्या. "अस्सं. मग छापणार कधी गं?"

"अजून ठरलं नाही."

"कुणी ठरवायचंय?"

स्टायलिस्ट सरळच असलेली माळ पुन्हा सरळ करत राहिली.

"उजेड डावीकडून घ्या," बाई शांतपणे म्हणाल्या. "उजवीकडून मी कधीच बरी दिसले नाही."

हिवाळ्यात मासिक बंद पडलं. संपादकांना सांत्वनाचा पहिला फोन बाईंचा आला.