अकराजणांचा फोटो

टेलरमास्तरांच्या शोकसभेसाठी म्हाताऱ्या कप्तानाने फुटबॉल संघाचा जुना फोटो मोठा करून आणला होता. वयाच्या नव्वदीपर्यंत मास्तरांनी एकही सामना चुकवला नव्हता. जर्सी शिवायच्या त्यांनीच आणि रेफरीच्या नावाने घसा बसेपर्यंत शंखही त्यांनीच करायचा. “मास्तर आमच्यातलेच होते,” कप्तान छातीठोकपणे म्हणाला. मास्तरांच्या पत्नी चष्मा सावरत फोटोजवळ आल्या. “भाऊजी, यातले हे कुठे गेले?” कप्तान चपापला. फोटो काढताना त्यानेच मास्तरांना सुनावलं होतं, “फोटो खेळाडूंचा आहे, तुम्ही फोटोग्राफरच्या मागे जा!” “वहिनी, ते यात नव्हतेच,” तो पुटपुटला. “नव्हते कसे? खाली गवतावर सावली होती की त्यांची, गळ्यातल्या टेपसकट! दुकानातल्या फोटोवर बोट ठेवून येईल त्याला दाखवायचे, ‘हा मी.’” कप्तानाची मान खाली गेली. कालच त्याने स्टुडिओवाल्याला बजावलं होतं, “खालचा काळा डाग तेवढा कापून टाक.”